एकतीस जणांचा नंबर

बाजाराचं वळण मागे पडलं तरी थोरली वळली नाही, तेव्हा कुठे धाकटीच्या लक्षात आलं की आपण काही अस्तर आणायला निघालेलो नाही. घरातून निघून पाऊण तास झाला होता. दोघी जावा कालव्याच्या कडेकडेने चालत होत्या. थोरली पुढे आणि धाकटी तिच्या अर्धं पाऊल मागे, लग्न होऊन या घरात आल्यापासून चालत आली तशी.

"वहिनी, बाजार राहिला की मागे."

"राहू दे. तो कुठे पळून जातोय?"

"मग आपण कुठे पळतोय?"

थोरली चालतच राहिली. टायरवाल्यांची दुकानं आली नि गेली. बर्फाच्या कारखान्याची लांबलचक भिंत सुरू झाली. भिंत निम्मी सरल्यावर ती म्हणाली, "हॉस्पिटलात. मला गाठ आहे. इथे, डाव्या बाजूला. तीन महिने झाले."

गिऱ्हाइकाला "कापड दोन बोटं कमी पडेल" असं सांगताना तिचा जो आवाज असतो, तोच हा आवाज. धाकटीचे पाय जागच्या जागी थांबले.

"थांबू नकोस गं. तू थांबलीस की मीही थांबेन आणि घरी परत जाईन. आधी दोनदा गेले तशी."

"दोनदा?"

"खिडकीपर्यंत जाऊन आले. फॉर्मवर मोबाइल नंबर विचारतात."

पुढचं धाकटीला सांगावं लागलं नाही. थोरलीचा नंबर गल्लीत तोंडपाठ नाही असं घर शोधून सापडलं नसतं.

त्याची सुरुवात सासूबाईंपासून झाली. सहा वर्षांपूर्वी हॉस्पिटलात सगळं कॉम्प्युटरवर आलं आणि नंबर घातल्याशिवाय फॉर्म पुढे सरकेना. सासूबाईंकडे फोन नव्हता. थोरलीकडे होता. दूर नोकरीला असलेल्या मुलाने तो पाठवलेला, आईचा चेहरा दिसावा म्हणून. तिने आपला नंबर घातला. चार दिवसांनी ती पॅन्टची चेन बसवत असताना फोन वाजला, की अमुक क्रमांकाचा अहवाल तयार आहे. तिने तिथेच उघडून पाहिला आणि सासूबाईंना म्हणाली, "रक्त कमी आहे. बाकी तुम्ही आम्हाला पोचवून मग जाल."

पूर्वी एका कागदासाठी दोन खेपा पडायच्या आणि दोन दिवसांची मजुरी बुडायची. आता कागद घरबसल्या येतो, हे गल्लीत कळायला कितीसा वेळ लागणार? समोरच्या वॉचमनकाकांनी तिचा नंबर दिला. शेवटच्या घरातल्या निवृत्त मास्तरांनी दिला. मास्तरांकडे स्वतःचा फोन होता, पण तो उघडताना त्यांचा अंगठा थरथरायचा. मग इस्त्रीवाला, त्याची आई, वरच्या माळ्यावरची बाळंतीण. बघता बघता एकतीस माणसं झाली. मेसेजमध्ये नाव नसायचं, नुसता आकडा असायचा. म्हणून कापड बेतायच्या फळीच्या मागच्या बाजूला थोरलीने शिंप्याच्या खडूने लिहून ठेवलं होतं, कुठला आकडा कुणाचा ते. खडू पुसला गेला की ती पुन्हा गिरवायची.

सुरुवातीला त्यात मजाही होती. मास्तर रोज संध्याकाळी काठी टेकत दारात यायचे.

"काय, लागला का आमचा निकाल?"

"लागला. साखरेत पहिला नंबर आलाय तुमचा."

"आयुष्यभर दुसऱ्यांना नंबर दिले, एकदा मला मिळाला तर तुझ्या पोटात दुखतं."

"माझं पोट दुखलं तर त्याचाही रिपोर्ट मलाच वाचायचाय, मास्तर. जपून बोला."

काही न कळणारे शब्द असायचे. ती दुपारी मशीन थांबवून एकेक शब्द फोनला विचारायची. पहिल्या वर्षी ती फार भ्यायली. "अगं, याला साध्या सर्दीचं विचारावं, तर हा मरणापर्यंत नेऊन सोडतो," असं धाकटीला म्हणायची. मग हळूहळू तिला त्याची चाल कळली. लाल अक्षरातला प्रत्येक आकडा भिण्यासारखा नसतो, आणि काही आकडे काळ्या अक्षरात असले तरी बरे नसतात. वॉचमनकाका एकदा दोन दिवस गुंगीत होते. घरचे म्हणत होते, म्हातारपण आहे. थोरलीने त्यांच्या अहवालात सोडियमचा आकडा पाहिला, मशीनवरून उठली आणि शिवता शिवता सुई टोचलेल्या ब्लाउजसकट रिक्षा बोलावायला धावली. काका आठव्या दिवशी चालत घरी आले. त्यांच्या बायकोने थोरलीच्या हातावर हात ठेवला आणि कितीतरी वेळ काढलाच नाही. देव एखाद्याच्या हातून काम करून घेतो ते असं, असं धाकटीला तेव्हा वाटलं होतं. आजही वाटतं.

पण पुढे रंगाऱ्याचं झालं.

रंगारी समोरच्याच रांगेत राहायचा. घरं रंगवायचा. हाताच्या रेघांत नेहमी कुठला तरी रंग अडकलेला. त्याचा खोकला हटेना म्हणून छातीचा फोटो काढला, मग आतली तपासणी झाली. नंबर अर्थात थोरलीचा. अहवाल आला त्या दिवशी त्याच्या मुलीची शेवटच्या वर्षाची परीक्षा सुरू झाली होती. ती आठ दिवस चालणार होती. थोरलीने अहवाल तीन वेळा वाचला. मग फोन कापडाच्या ढिगाखाली सरकवला.

रंगारी रोज कामावरून येताना दारात डोकावायचा. "माझं आलं का काही?"

"अजून नाही."

असं आठ वेळा झालं. धाकटी त्यातल्या दोन वेळी तिथे होती. थोरलीची मान वर झाली नव्हती, टाका चुकला नव्हता. नवव्या दिवशी, मुलीचा शेवटचा पेपर झाल्यावर, तिने रंगाऱ्याला आत बोलावून खुर्चीवर बसवलं आणि सांगितलं. तो एवढंच म्हणाला, "बरं." पुढे तो साडेचार महिने होता.

डॉक्टर म्हणाले, आठ दिवसांनी काही फरक पडला नसता, आजार आधीच फार पसरला होता. हे थोरलीने स्वतःहून त्यांना विचारून घेतलं होतं. पण रंगाऱ्याची बायको सगळं उरकल्यावर एकदा दारात आली. आत आली नाही. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली, "आठ दिवस तुझ्या फोनमध्ये होतं ना गं ते?"

"हो."

"त्या आठ दिवसांत तो त्या कंपनीची भिंत रंगवत होता. शिडीवर चढून. खोकत. मला माहीत असतं तर मी त्याला चढू दिलं नसतं."

त्या बाईने उत्तराची वाट पाहिली आणि ती गेली. तेव्हापासून दोन घरांच्या मधला तो सात पावलांचा रस्ता कुणीच ओलांडला नाही.

त्यानंतर थोरली बदलली असं गल्लीत म्हणतात. अहवाल आला की आला त्या क्षणी सांगायची. समोरचा जेवत असो, दाढी करत असो, पाहुण्यांत बसलेला असो. मीटरवाला जसा दारात उभं राहून आकडा सांगतो आणि पुढच्या दाराला जातो, तसं. इस्त्रीवाल्याच्या आईचं वाईट आलं तेव्हाही तसंच सांगितलं. इस्त्रीवाला ढसाढसा रडायला लागला, आणि थोरली त्याच्यासमोर हात खाली सोडून उभी राहिली. त्याचं रडं संपल्यावर म्हणाली, "मंगळवारी डॉक्टर आहेत. दहाच्या आत जा." लोक म्हणाले, बाईचा दगड झाला. नंबर मात्र कुणी बदलला नाही.

धाकटी शाळेत शिपाई आहे. घंटा देते, वर्ग उघडते, पाणी भरते. तिलाही मुलीने गेल्या वर्षी तसलाच फोन घेऊन दिला. पण फोनला उत्तर देणं आणि फोन करणं यापलीकडे ती गेली नाही. "मला नाही जमत," असं ती सगळ्यांना सांगायची. जमलं नसतं असं नाही. थोरलीची गत पाहून तिने ते मुद्दाम जमवलं नव्हतं.

"मुलाचा नंबर दिला असता," ती आता भिंतीच्या कडेने चालता चालता म्हणाली.

"तो कामावर असताना वाजेल. तिथे त्याला पाणी विचारणारं कुणी नाही."

"मग तुमचाच द्यायचा होता. इतकी वर्षं सगळ्यांचं…"

"सगळ्यांचं वाचलं म्हणून तर." थोरलीने पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "गेल्या महिन्यात एक मेसेज आला. मी फळी उलटी करून आकडा शोधत होते. सापडेना. अर्धा मिनिट सापडेना. त्या अर्ध्या मिनिटात मला वाटलं, हा माझाच. अजून फॉर्मसुद्धा भरला नव्हता बघ. आणि मला काही झालं नाही. भीती नाही, रडू नाही. हात नुसते गार पडले. मग आकडा सापडला, मास्तरांचा होता. मी जाऊन त्यांना सांगून आले. ते काहीतरी विनोद करत होते. मला ऐकू येत होतं, पण कळत नव्हतं."

धाकटी विजेचे खांब मोजत राहिली. अकराव्या खांबापाशी तिने मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं, पण मागणं काय मागावं ते सुचलं नाही. नुसतं नाव घेतलं आणि चालत राहिली.

हॉस्पिटलातली रांग छोटी होती. पायाखालची फरशी नुकतीच पुसलेली, औषधाच्या वासाची. खिडकीच्या काचेला गोल भोक, भोकामागे चष्मेवाली बाई. तिने डॉक्टरांनी तपासणीसाठी दिलेली चिठ्ठी पाहून घेतली, नाव विचारलं, वय विचारलं, पत्ता विचारला. थोरलीने एकेक सांगितलं.

"मोबाइल नंबर?"

थोरलीने पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला.

"मोबाइल नंबर सांगा, मावशी. त्याशिवाय पुढचं पान उघडत नाही."

मागून कुणीतरी म्हणालं, "अहो, पाठ नसेल तर बाजूला होऊन बघा ना." थोरली बाजूला झाली नाही. तिची नजर काचेवर होती. तिसऱ्यांदाही ती इथून मागे वळेल, हे धाकटीला दिसत होतं. पायांची हालचाल अजून झाली नव्हती, पण खांदा वळला होता.

धाकटीने पिशवीतून फोन काढला. तिला स्वतःचा नंबर पाठ नव्हता. मुलीने कागदाच्या चिठ्ठीवर लिहून फोनच्या पाठीला चिकटवून दिला होता. तिने फोन उलटा धरला आणि भोकाशी तोंड नेऊन एकेक आकडा वाचला. मधला एक आकडा पुसट होता. तो सहा की आठ ते नीट पाहून घेतलं आणि सांगितलं.

"हा त्यांचा?"

"माझा. त्या माझ्या जाऊबाई."

"चालेल. चार-पाच दिवसांत याच नंबरवर येईल." बाईने कागद बाहेर सरकवला. "सुईने तुकडा काढतील. त्या बाकावर बसा, नाव पुकारतील."

दोघी बाकावर बसल्या. समोरच्या भिंतीवर टीव्ही होता. त्यात एक डॉक्टरीणबाई आवाजाशिवाय काहीतरी समजावून सांगत होत्या. त्यांचा हात सारखा गोल फिरत होता. थोरलीने पिशवी मांडीवर घेतली. तेवढ्यात तिचा फोन वाजला. तिने स्क्रीन पाहिली, म्हणाली, "वरच्या माळ्याची आहे, तिचा आकडा पाठ आहे. चांगलं असेल," आणि फोन न उघडताच आत टाकला. असं तिने आजवर कधी केलं नव्हतं.

"दुखेल का गं?"

"मला काय माहीत, वहिनी. मी तर शाळेची घंटा वाजवते."

थोरली किंचित हसली. म्हणजे ओठ हलले.

"ऐक," ती म्हणाली. "आला की तू उघड. नाही जमलं तर तुमच्या शाळेतल्या बाईंकडून उघडून घे, पण गल्लीत कुणाकडे नको. मग आधी इथली वेळ घे. वेळ मिळाली की माझ्याकडे ये आणि नुसतं 'चला' म्हण. काय आलंय ते सांगू नकोस. चांगलं आलं असलं तरी सांगू नकोस. मी विचारेन. खोदून खोदून विचारेन, मी कशी आहे ते तुला ठाऊक आहे. तरी नको. 'चला वहिनी' एवढंच म्हण. मी मशीन बंद करून येईन."