फौजदाराने घर का पेटवलं

आमच्या घरात सिनेमा सुरू होण्याआधी हिरो कोण ते सांगावं लागतं. हा नियम माझ्या थोरल्या काकांचा, म्हणजे आबांचा. तरुणपणी ते बदनापुरातून रेल्वेने जालन्याला जाऊन घोडे-बंदुकांचे इंग्रजी सिनेमे पाहायचे. "पांढरी टोपी चांगला, काळी टोपी बदमाश! इंग्रजी यायची गरजच न्हाई!"

मला सिनेमाचा अभ्यास करायला पुण्याला जायचं होतं आणि परवानगी आबांच्या हातात होती. "काय शिकवतात तिथं? एक नमुना दाखव बरं," ते म्हणाले.

मी हल्लीचा एक गाजलेला इंग्रजी सिनेमा लावला. घोडे होते, बंदुका होत्या. टोप्या मात्र सगळ्यांच्याच मातकट! (इथेच मी टीव्ही बंद करायला हवा होता.)

"हिरो कोणता?"

"तो शेरीफ. म्हणजे तिथला फौजदार," मी घाबरून म्हणाले.

"मंग सांग, काय बोलून राह्यला."

एरवी मी घरात 'हो', 'नाही' आणि 'जेवले' याच्यापलीकडे फारशी जात नाही. त्या दुपारी मात्र माझं तोंड थांबेना. कारण माझ्या हिरोने थोड्याच वेळात एका म्हातारीचं घर पेटवलं.

"आँ? का बरं?"

"घरात... साप निघाला होता."

"असं! बराबर आहे."

मग त्याने जिवलग मित्राला गोळी घातली.

"त्याला असाध्य रोग होता, आबा. त्यानेच विनंती केली."

"पळून राह्यलता की तो!"

"वेदना, आबा!"

मग शेरीफने चर्चमधली दानपेटी उचलली. (दुरुस्तीला.) काकू हळहळल्या, "किती सोसतंय गं लेकरू!"

आबांना मात्र शंका आली. "अन् हा, तू चोर म्हणून सांगितलेला? त्यानं म्हातारीला घोंगडी दिली, घोड्याला पाणी पाजलं. हा बदमाश कसा?"

"ढोंग, आबा!"

तेवढ्यात काकू शेंगांचं ताट घेऊन नेमक्या रिमोटवर बसल्या, आणि शेरीफ खणखणीत हिंदीत बोलू लागला: "मैंने दोस्त को पैसों के लिए मारा, और बड़ा मज़ा आया!"

शेंगा फोडायचा आवाज थांबला.

"पिंके," आबा म्हणाले, "रोग कुठंय?"

एक तर मी खोटारडी होते, नाही तर ढ. खोटारड्या पोरीला पुण्याला कोण पाठवणार? मी मान खाली घातली. "आबा, मला इंग्रजी येत नाही."

"अगं बाई! इतकी वर्षं इंग्रजी शाळेत टाय बांधून काय केलंस?" काकू ओरडल्या.

आबांनी सिनेमा पहिल्यापासून हिंदीत पाहिला. शेवटी कपाळ चोळत म्हणाले, "ह्यात कोणी बिलकुल चांगला न्हाई अन् कोणी बिलकुल वाईट न्हाई. हे शिकल्याशिवाय समजायचं न्हाई. जा पुण्याला!"

मला गाडीत बसवून देताना त्यांनी समोरच्या बाईंना हात जोडले. "ताई, जरा लक्ष ठेवा. पोरीला इंग्रजी येत न्हाई."

त्या नेमक्या शिक्षिका निघाल्या! मनमाड येईपर्यंत त्यांनी मला ए पासून झेडपर्यंत सगळी अक्षरं शिकवली. नको कसं म्हणायचं ते न सुचल्याने मी त्यांच्या मागून मोठ्याने म्हणत गेले. डब्ल्यूला तर अख्ख्या डब्याने टाळ्या वाजवल्या.