तांबडी तापली आणि मी डॉक्टर झाले

आता हे सांगायची मलाच लाज वाटते, पण चहा संपेपर्यंत ऐकाच. माझ्यामुळे एकदा आमच्या अख्ख्या पाड्यातल्या कोंबड्या भर दुपारी खुराड्यात कोंडल्या गेल्या.

माझं माहेर शहापूरच्या बाजारपेठेतलं. कोंबडी आम्हाला माहीत ती ताटातली. लग्न होऊन मुरबाडकडच्या गावात आले आणि पहिल्याच हिवाळ्यात सासूबाई म्हसाच्या जत्रेला निघाल्या. म्हणाल्या, "कोंबड्यांकडे बघ गो. दुसरा काय काम नाय."

बघितलं ना! आईंची, म्हणजे सासूबाईंची, लाडकी तांबडी कोंबडी पेंढ्याच्या कोपऱ्यात फुगून बसलेली. दाणे टाकले, उठेना. हात लावला तर गुर्रर्र करून टोचलं. कोंबडी गुरगुरते? मी आजवर फक्त कुत्राच गुरगुरताना ऐकलेला. पोट चाचपलं तर चांगलंच गरम. सासूबाईंच्या माघारी ही मेली तर या घरात तोंड कसं दाखवू?

ताप म्हणजे गार पाणी, एवढंच माझं शास्त्र. तांबडीला बादलीत बुचकळलं, हळद चोपडली आणि बांबूच्या डालग्याखाली झाकली. शेजारच्या पारूमावशींनी कुंपणावरून विचारलं, "काय झाला गो?"

"ताप आलाय. बहुतेक मानमोडी."

ज्या रोगानं खुराडीच्या खुराडी रिकामी होतात, त्याचं नाव मी असं सहज घेतलं. मग काय, पाडाभर कोंबड्यांची पकडापकडी. मावशींनी तर आपला धडधाकट कोंबडा कापून चुलीवर चढवला. "मरून फुकट जाण्यापरीस रश्श्यात गेलेला बरा," म्हणाल्या, आणि रस्सा ढवळता ढवळता जत्रेत सासूबाईंना फोन लावला.

आई जत्रा अर्धी टाकून आल्या. डालगं उचललं. तांबडी तडक पेंढ्यात जाऊन पुन्हा फुगून बसली. आईंनी हात लावला, तिनं त्यांनाही टोचलं, आणि आई तोंडाला पदर लावून हसायला लागल्या.

"अगो, खुडूक झालीय ती. अंड्यांवर बसायला मागते. आजारी कोंबडी मुकी होते, ती कशाला गुरगुरेल? आणि गार पाण्यात बुडवतात ते खुडूक मोडायला."

तिच्याखाली ठेवायला त्यांनी तुसात अंडी जमवून ठेवली होती, हे मला तेव्हा कळलं. नशीब, तांबडी माझ्यापेक्षा हट्टी निघाली.

तेवढ्यात दारात बायका जमल्या. आता माझी शोभा होणार, म्हणून मी दाराआड उभी. आई बाहेर गेल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "बरी हाय गो तांबडी. सुनेनं येळेवर बघितलं." कापलेल्या कोंबड्याच्या बदल्यात मावशींना त्यांनी तांबडीची पहिली पिल्लं कबूल केली. एका शब्दानं मला उघडं पाडलं नाही. त्यांचे हे उपकार आठवले की आजही माझे डोळे भरतात.

पण त्यामुळे मी पाड्याची कोंबडीडॉक्टर झाले. कुणी कोंबडी आणली की मी मान डोलावते, 'औषध आणते' म्हणून आत जाते आणि आईंना विचारते.

परवा आई शेतावर गेलेल्या. एक बाई फडक्यानं झाकलेली पाटी घेऊन आल्या. आतून आवाज, गुर्रर्र! मी फडकं काढायचीसुद्धा तसदी घेतली नाही.

"घाबरू नका. खुडूक झालीय. घरी जाऊन अंड्यांवर बसवा."

बाईंनी माझ्याकडे बघितलं, पाटीकडे बघितलं आणि फडकं बाजूला केलं.

"अगो डॉक्टरीणबाई, ह्यो कोंबडा हाय."