धुक्यात उड्या मोजणारी ओस्ने

ओस्नेनं खालून ‘मोकळं’ असा आवाज दिला की स्कीवरून उडी घ्यायची, नाही दिला तर वरच्या फळीवर कुडकुडत बसायचं. आमच्या टेकडीवर एवढा एकच कायदा. वरून निघालेल्या माणसाला मधे थांबता येत नाही, आणि खाली उतारावर कुणी पडलेलं असलं तर दोघांचाही निकाल लागतो. म्हणून उताराच्या कडेला, पस्तीस मीटरच्या पाटीजवळ ओस्ने उभी असायची. कोण किती लांब गेला तो आकडा ती ओरडायची, आणि तो बाजूला झाला की ‘मोकळं’. एकोणिसाव्या वर्षापासून शहात्तराव्यापर्यंत हेच.

तिच्या तरुणपणी मुलींनी उडी मारायची नाही, अशी पद्धत होती. बापाचे गुडघे गेले म्हणून तिला त्याच्या जागी मोजायला उभं केलं. पण रविवारी सगळं गाव चर्चमध्ये गेलं की ही बया एकटी टेकडीवर चढायची. “एकदा बेचाळीस मीटर गेले,” तिनं मला सांगितलं होतं. “मोजायला कुणी नव्हतं, हीच पंचाईत.” पुढे अडतीस वर्षं तिनं गावात टपाल वाटलं. लग्न केलं नाही. का नाही, असं विचारलं तर म्हणायची, “दोघांनी विचारलं होतं. एकाची उडी सव्वीसच्या पुढे जात नव्हती, दुसऱ्याची अठ्ठावीसच्या.”

मला उडी तिनं शिकवली. मी स्टाइनार, सुतार, वय चौपन्न, दोन्ही गुडघ्यांची बोंब. आमच्या टेलेमार्क जिल्ह्यात स्कीवर उड्या मारणाऱ्यांची कमी नाही, पण आमच्या गावात आता तिघेच उरलोय. मी, बस चालवणारा हाल्वोर आणि गुरांची डॉक्टर सिग्ने. आम्हाला कुणी पदक देणार नाही. शनिवार-रविवार आला की घरी बसवत नाही, एवढंच.

त्या हिवाळ्यानं मात्र छळ मांडला होता. जानेवारीत पाऊस. टेकडीखालचं तळं गोठलंच नाही, आणि त्याच्यावरून धुकं उठायचं ते दिवसभर हलायचं नाही. बर्फ आम्ही जंगलाच्या सावलीतून ताडपत्रीवर ओढून आणला, तर त्याची दोन दिवसांत लापशी व्हायची. शहाण्या माणसानं अशा वेळी स्की माळ्यावर टाकले असते. आम्ही शहाणे नव्हतो, आणि ओस्ने म्हणाली, “मी आहे ना उभी.” मग काय.

वर फळीवर बसलं की स्कीची टोकंसुद्धा दिसायची नाहीत. खालून तिचा आवाज यायचा, आणि धुक्यात आवाजाचा भरवसा नसतो. कधी वाटायचं ती शेजारीच उभी आहे, कधी वाटायचं मागच्या झाडीतून बोलतेय. तरी तो आला की मी फळी सोडायचो.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी आम्ही तिघं वर थर्मासातली कॉफी पीत होतो. कुणीच निघालेलं नव्हतं. खालून आवाज आला, “चव्वेचाळीस.” थोड्या वेळानं, “मोकळं.”

हाल्वोरनं आमच्याकडे बघितलं. “कोण गेलं?”

“तिघंही इथेच आहोत की,” सिग्ने म्हणाली.

पुढच्या आठवड्यात तेच दोनदा झालं. न मारलेल्या उडीचा आकडा, मग ‘मोकळं’. हाल्वोर एरवी मस्करीशिवाय बोलत नाही, पण त्या दिवशी खालच्या आवाजात म्हणाला, “माझ्या आजोबांच्या वेळी इथे एक पोरगा जिवानिशी गेला होता. पलीकडच्या खोऱ्यातला. धुकंच होतं म्हणे.”

“तू गप बस,” मी म्हणालो. पण माझ्याही अंगावर काटा आला होता. त्यानंतर पहिली उडी कुणी मारायची यावरून आमच्यात दरवेळी ‘तू जा, तू जा’ चालायचं.

शेवटी मी एकदा कॉफी घेऊन उतारावर तिच्यापाशी गेलो. बघतो तर ती उताराकडे पाठ करून, जंगलाकडे तोंड करून उभी. उजवा कान तेवढा उताराकडे वळवलेला. मी कप आणि थर्मास तिच्या हातात दिला. तिनं कपाच्या आत बोट घातलं आणि कॉफी बोटाला लागेपर्यंत ओतली. तेवढ्यात वरच्या झाडावरून ओल्या बर्फाचा लगदा धप्पकन उतारावर कोसळला. ओस्नेनं हात वर केला. “एक्केचाळीस.”

भूत असतं तर बरं झालं असतं, असं मला खरंच वाटलं.

“ओस्ने, कुणी उडी मारलेली नाही.”

“किती दिवस झाले मला दिसत नाही ते विचारू नकोस,” ती म्हणाली. “सगळं पांढरं असतं. पण या धुक्यात तुम्हाला तरी काय दिसतंय? आकडे माझे अजून चुकत नाहीत.”

“आकड्यांचं सोड. ‘मोकळं’ कसं म्हणतेस?”

“ऐकते. माणूस बाजूला होताना स्की खरडतात.” मग तिनं माझी बाही पकडली. “धुकं आहे तोवर राहू दे मला. निवळेल त्या दिवशी मी आपणहून खाली उतरेन. तुला सांगावं लागणार नाही.”

आणि मी गप्प बसलो. खाली पोचणाऱ्यानं स्वतःच ओरडून सांगायचं, एवढा साधा नियम करायला काय जात होतं? पण तो केला असता तर तिथे ओस्नेची गरजच उरली नसती. ते माझ्याच्यानं झालं नाही. आठवडाभर मला नीट झोप नाही. हाल्वोर किंवा सिग्ने, कुणाचं काही झालं असतं तर ते माझ्या माथी होतं.

रविवार उजाडला. वर तसंच दाट धुकं. हाल्वोर पहिला गेला. धप्प आवाज आला, खालून तिनं सांगितलं, “छत्तीस.” मी फळीवर बसलो. बराच वेळ काही नाही. मग आलं, “मोकळं.”

मी सुटलो, काठावरून उडालो, आणि हवेत असतानाच धुक्यातून बाहेर पडलो. खाली सगळं लख्ख दिसत होतं. तळं, पाट्या, झाडांचे शेंडे. ढग तेवढा वर माथ्यावर अडकून राहिला होता. ओस्ने जंगलाकडे तोंड करून उभी होती. आणि उताराच्या पायथ्याशी, नेमका माझ्या वाटेत, हाल्वोर लापशीत रुतून पडला होता. तोंड उघडं, आवाज फुटत नव्हता.

टेकलो तसं मी अंग डावीकडे फेकलं. कडेच्या फळकुटांवर आदळलो. खांद्यात काहीतरी मोडल्याचा आवाज मीच ऐकला. माझा एक स्की हाल्वोरच्या डोक्यापासून हातभर अंतरावरून गेला.

पाटीजवळून ओस्नेचा शांत आवाज आला, “एकोणचाळीस.”

वर सिग्ने फळीवर बसलेली होती. खाली आम्ही दोघं पडलेले, दोघंही निपचित. खरडण्याचा आवाज कुठून येणार? पण हाल्वोरचाही आला नव्हता, तरी तिनं ‘मोकळं’ म्हटलं होतं. मला सगळं कळत होतं आणि छातीत श्वास नव्हता. ओस्नेनं मान थोडी वळवली, ऐकलं, आणि तोंड उघडलं.

“थांब!” कसा कोण जाणे, मी ओरडलो.

ती थांबली. “स्टाइनार? कुठे आहेस तू?”

“खाली. हाल्वोरही इथेच आहे. वाटेतच पडलाय, मघापासून.”

“मला स्की खरडल्यासारखं ऐकू आलं होतं.” ती आमच्याकडे वळली, तेही थोडं चुकीच्याच दिशेला. “धुकं फार आहे आज.”

हाल्वोरनं तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्याला त्या क्षणी सगळं समजलं असावं. भला माणूस. अजून धापा टाकत होता, तरी म्हणाला, “हो ना. फारच आहे.”

मलाही तेच म्हणायचं होतं. देवाशपथ, तेच म्हणायचं होतं.

“नाही ओस्ने,” मी म्हणालो. “निवळलंय.”

हातमोजा काढून तिनं डोळ्यांवरून हात फिरवला, जसं काही अजून पुसता येणार होतं.

“तुला माहीत होतं,” ती म्हणाली. “मग तू फळी सोडलीसच कशी?”

“तू मोकळं म्हणालीस ना.”

मला रडू आवरत नव्हतं, आणि ते खांद्याचं नव्हतं. मग ओस्ने वरच्या ढगाकडे तोंड करून, आकडा सांगायच्या त्याच आवाजात ओरडली, “सिग्ने, उडी मारू नकोस. पायऱ्यांनी खाली ये.”

सिग्नेनं कारण विचारलं नाही. धुक्यातून लाकडी पायऱ्यांवर तिच्या बुटांचा आवाज येऊ लागला.