दूध पहिले लिहा

त्या मंगळवारी ऑफिसात नेहमीसारखे दीड वाजता डबे उघडले. माझ्या डब्यात मेथीची भाजी होती. नवीन लागलेल्या दोघांना मी इंगळेंच्या पंख्याचा किस्सा सांगत होतो. हसण्याची जागा एका वाक्यावर आली होती, तेवढ्यात फोन वाजला. शेजारच्या राऊत वहिनी होत्या.

"भाऊजी, सुनंदा वहिनी आंगणात पडल्या. आमी ऑटोत घालून नेऊन राहिलो. तुमी घरी येऊ नका, सरळ दवाखान्यात या."

मी पोचलो तेव्हा डॉक्टर दारातच उभे होते.

डबा ऑफिसातच राहिला. किस्साही अर्धाच राहिला. त्या दोघांनी पुढचं काय, ते मला कधी विचारलं नाही.

असे किस्से कोणी मुद्दाम गोळा करत नाही. उन्हाळाभर कूलर चालला की टाकीच्या तळाशी पांढरा थर जमतो ना, तसे ते जमतात. आमच्या ऑफिसात रस्त्यांची, पुलांची, मोऱ्यांची अंदाजपत्रकं होतात. लोक अठ्ठावन्नाव्या वर्षी रिटायर होतात आणि सत्तावन्नाव्या वर्षी घाबरतात. घाबरले की अमरावतीतल्या एकाच घराची बेल वाजवतात. ते घर गावंडे भाऊंचं. हे किस्से त्यांच्या ओट्यावरचे. त्या ओट्यावरचं हसू अजून कानात आहे, म्हणून लिहून ठेवतो.

*

गावंडे भाऊ आमच्याकडे इंजिनियर होते. रिटायर झाल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांनी स्वतःच्या घराचं इस्टिमेट केलं. दोघा नवरा-बायकोला महिन्याला काय लागेल? बाब, परिमाण, दर, रक्कम, शेरा, असे पाच रकाने आखले. दोन दिवस खपून कागद काकूंसमोर ठेवला.

काकूंनी चष्मा लावला, वरून खाली वाचलं आणि विचारलं, "यात तेल कुठं आहे?"

भाऊंनी पाहिलं. तेल नव्हतं!

"तीस वर्षं पुलाच्या नटबोल्टाचा हिशेब लावला, अन् फोडणीले तेल नाई?" काकू म्हणाल्या. "द्या इकडे. माझा मी वेगळा लिहितो."

काकूंचा कागद भाऊंच्या दीडपट निघाला. त्या दिवसापासून भाऊंचा नियम झाला. नवऱ्याचा कागद वेगळा, बायकोचा वेगळा. एकमेकांना विचारायचं नाही. लिहून झाला की घडी करून, पिन मारून भाऊंकडे द्यायचा. दोन्ही आले की रविवारी सकाळी ओट्यावर सगळ्यांसमोर उघडायचे. एकट्याचा कागद उघडायचा नाही, म्हणजे नाही.

कागद भाऊच देत. जुन्या, रद्द झालेल्या अंदाजपत्रकांची मागची कोरी बाजू. देताना दर वेळी तेच सांगत, "दूध पहिले लिहा. दुधावरून समजते घरात माणसं किती ते."

*

आमचे हेडक्लार्क वानखडे. यांनी भाजीपुढे शून्य लिहिलं!

"आमची भाजी गावावरून येते," वानखडे कॉलर ताठ करून म्हणाले. "भावाचा मळा आहे. दर शनिवारी थैली येते. असे वांगे अमरावतीच्या बाजारात भेटत नाई, पैज लावतो."

वहिनींचा कागद उघडला. त्यात सगळ्यात मोठी रक्कम किराण्याची, आणि तिच्या खालोखाल भाजीची.

"हे काय?" वानखडे म्हणाले.

वहिनींनी पदर सारखा केला. "थैली बंद होऊन सात वर्षं झाले. वाटणी झाली तवापासून."

"मग शनिवारी?"

"मी आणतो बाजारातून. जुन्या थैलीत भरतो." जरा थांबून त्या म्हणाल्या, "तुमी भावाशी भांडले असते ना."

 वानखडेंनी भाजीच्या आकड्यावर बोट ठेवलं. मग हळूच विचारलं, "अन् तो सांभार?"

आमच्याकडे कोथिंबिरीला सांभार म्हणतात. तिचा वास घेऊन हा माणूस दर शनिवारी गावाच्या मातीचं कौतुक करायचा.

"तो बी," वहिनी म्हणाल्या.

*

आता तो पंख्याचा किस्सा पुरा करतो.

इंगळे बडनेऱ्याचे. रेल्वेत होते. आमच्या खात्याशी संबंध नाही, पण भाऊंची कीर्ती बडनेऱ्याला पोचायला काय वेळ लागतो? त्यांच्या मिसेसच्या कागदात विजेचं बिल दुप्पट धरलेलं. शेऱ्याच्या रकान्यात बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'हॉलमधला पंखा. सध्या दिवसा बंद असतो.' त्याच्याखाली चहा, सहा कप जादा. शेरा: 'सध्या स्टेशनवर पितात.' त्याच्याखाली पेपर, अजून एक. शेरा: 'माझा हातातून ओढतील.'

इंगळे लाल झाले. "म्हणजे मी खर्च आहो काय?"

"खर्च पंखा आहे," बाई शांतपणे म्हणाल्या. "तुमाले शेऱ्यात टाकलं!"

त्या मंगळवारी मला एवढंच वाक्य सांगायचं राहिलं होतं.

*

बोंडे नवरा-बायको दोघंही शिक्षक. दोन्ही कागद इतके नेटके, की भाऊ खूश झाले. बेरीज करता करता त्यांचा पेन थांबला. दोघांच्याही 'किरकोळ'मध्ये एकच आकडा. अगदी शेवटच्या शून्यापर्यंत एकच.

"सर, हे किरकोळ म्हणजे काय?"

"आपलं... किरकोळ," सर म्हणाले.

"मॅडम?"

मॅडम ओट्याखालच्या चपलांकडे पाहू लागल्या.

त्यांचा एकुलता मुलगा पुण्याला होता. नोकरी गेल्याचं त्यानं वडिलांना सांगितलं आणि म्हणाला, 'आईला सांगू नका, ती रडते.' मग आईला सांगितलं आणि म्हणाला, 'बाबांना सांगू नको, त्यांचं बीपी वाढते.' दोन वर्षं दोघंही त्याला गुपचूप पैसे पाठवत होते आणि एकमेकांना सांभाळत होते!

भाऊंनी एका कागदावरचा आकडा खोडला. "एकच पोरगा आहे ना? मग एकदाच धरू."

सर आणि मॅडम एकमेकांकडे पाहून हसले. बऱ्याच दिवसांनी हसले असावेत, असं वाटलं. सुनंदा माझ्या शेजारी बसली होती. ती मात्र हसली नाही. घरी येताना स्कूटरवर मागून म्हणाली, "पोराचं जाऊ द्या. दोन वर्षं दोघं काय बोलत असतील हो जेवताना?"

मी म्हणालो, "समोरून ट्रक येऊन राहिला, बोलू नको."

*

एकदा तर मी आणि सुनंदा भाऊंना अकोल्याला घेऊन गेलो. जठारपेठेत सुनंदाची मोठी बहीण राहते. साडू मुख्याध्यापक होते. त्यांनी तीन पानं लिहिली होती, लाल शाईनं अधोरेखित करून. ताईंच्या कागदावर एकच ओळ होती: 'हे म्हणतील तसं.'

भाऊंनी कागद परत केला. "बाई, नापास. कॉपी केली तुमी."

ताई कागद घेऊन स्वयंपाकघरात गेल्या. तासाभरानं आल्या तेव्हा दुसरी ओळ लिहिली होती: 'वरच्या खोलीचा भाडेकरू काढायचा. ती खोली मला.'

साडूंच्या म्हातारपणाची निम्मी इमारत त्या भाड्यावर उभी होती! "तुले कायले पायजे खोली?"

"दार लावून बसाले."

"बसून काय करशील?"

"ते अजून समजलं नाई," ताई म्हणाल्या. "पस्तीस वर्षं एकटी बसलीच नाई, त काय सांगू?"

साडूंनी हातातली तीन पानं उलटीपालटी केली. लाल शाईत त्यावर काही सापडलं नाही.

परतीच्या बसमध्ये भाऊ पुढच्या सीटवर घोरत होते. सुनंदा खिडकीतून बाहेर पाहत होती. मूर्तिजापूर मागं पडलं. मग म्हणाली, "आपले कागद कधी?"

"रविवारी," मी म्हणालो.

*

रविवार यायचे. कधी मार्चएंडची कामं असायची, कधी चुलतभावाच्या घरची वास्तुशांती, कधी निवडणुकीची ड्युटी. खरं सांगायचं तर यातलं काहीच कारण नव्हतं. मला रिटायर व्हायला तीन वर्षं होती. ओट्यावर बसून दुसऱ्यांच्या कागदांवर हसायला मला आवडायचं.

दिवाळीनंतर एका रविवारी सुनंदानं मला न विचारता भाऊंकडून कागद मागून घेतला. ओट्याच्या कोपऱ्यात बसून लिहू लागली. आम्ही इकडे गप्पा मारत होतो. तिनं मधेच मान वर केली.

"भाऊ, यात प्रवास धरता येते काय?"

भाऊ काही बोलायच्या आत मीच म्हणालो, "धर ना! अमरावती ते अकोला, एसटीनं!"

सगळे हसले. तीही हसली. पुन्हा मान खाली घालून लिहू लागली. थोड्या वेळानं तिनं भाऊंकडे हात केला.

"पुरवणी द्या."

"बापा!" भाऊ म्हणाले. "इतक्या वर्षांत कोणी पुरवणी मागतली नाई. इथं लोकायले अर्धं पान भरत नाई."

"वहिनी, काय घर लिहून राहिल्या की महाल?" वानखडे म्हणाले.

तिनं दोन्ही कागदांची घडी घातली, स्टेपलरनं चारी बाजूंनी पिना मारल्या. एक पिन पुरली असती. घडी भाऊंच्या हातात दिली आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, "आता तुमचा."

"रविवारी," मी म्हणालो.

त्यानंतर तिनं तीनदा विचारलं. चौथ्यांदा विचारलं नाही. मला तेव्हा बरं वाटलं होतं.

*

तेरावं झाल्यावर दुसऱ्या दिवशी गावंडे भाऊ एकटेच घरी आले. पाहुणे गेले होते. मी विचारलं, "चहा ठेवू?" ते म्हणाले, "ठेवा." साखर शोधायला मला तीन डबे उघडावे लागले. त्यांनी ते ऐकलं असणार, पण स्वयंपाकघरात आले नाहीत, डबा सांगितला नाही. आपल्या जागी बसून राहिले.

चहा झाला. त्यांनी पिशवीतून सुनंदाची घडी काढली. वरच्या बाजूला कुठल्याशा मोरीचं जुनं इस्टिमेट दिसत होतं. चारही पिना जागच्या जागी होत्या. घडी टीपॉयवर ठेवली आणि शेजारी एक कोरा कागद ठेवला.

"हा वहिनीचा. मी वाचला नाई."

मी घडीला हात लावला नाही.

"पिना काढून देऊ?"

"नियम काय आहे, भाऊ?"

त्यांनी घडी माझ्याकडे सरकवली. मग म्हणाले, "नियम मीच केला होता. मोडता येते मले."

"नको," मी म्हणालो. "माझा झाला की सोबतच उघडू."

"कधी?"

"रविवारी."

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. चपला घातल्या. फाटकापर्यंत गेले आणि तिथून वळून, ऑफिसात नवीन माणसाला सांगावं तसं म्हणाले, "दूध पहिले लिहा."

त्याला आता नऊ रविवार झाले. घडी टीपॉयवरच आहे. शेजारच्या कागदावर मी पाच रकाने आखले आणि पहिल्या रकान्यात 'दूध' लिहिलं. किती, ते लिहायचं राहिलं आहे.