रिव्हेट झेलणारा ज्ञानोबा

ज्ञानोबा लालभडक रिव्हेट पत्र्याच्या डब्यात झेलायचा आणि झेलताना त्याच्याकडे बघायचाही नाही. खाली भट्टीवाला पत्रे जोडायचा तो तापलेला खिळा चिमट्याने उचलून ओरडायचा, "आला रं!" आणि वर भिरकावायचा. परांचीवर उभा असलेला ज्ञानोबा तोंडातलं पान चघळत, दुसऱ्याशी बोलत, नुसत्या आवाजाच्या अंदाजाने डबा पुढे करायचा. आरोळी, एक श्वास, आणि टण्.

दापोडीच्या पुढे, मुंबई रस्त्याला लागून, लोखंडी टाक्या बांधण्याचा एक कारखाना तेव्हा होता. त्याच्या दवाखान्यात मी कारकून होतो. माझी खिडकी नेमकी टाक्यांच्या अंगणात उघडायची, त्यामुळे दिवसभरात हजार वेळा तरी ते टण् माझ्या कानावर यायचं. काही दिवसांनी ऐकू येईनासं झालं, जसं घड्याळाचं होतं.

ज्ञानोबा पिंपळे सौदागरचा. लढाईच्या काळात मजूर म्हणून आसामात गेला आणि तिथल्या अमेरिकन विमानतळाच्या मुदपाकखान्यात तीन वर्षं राहिला. त्याच्याबरोबर गेलेले बाकीचे हिवताप घेऊन परतले. हा चावीचा ग्रामोफोन, पाच तबकड्या आणि एका हाताचा जाडजूड चामडी मोजा घेऊन आला. दुसरा हात साहेबाने ठेवून घेतला, असं गावात बरेच दिवस बोललं जात होतं.

दुपारच्या सुट्टीत तो दवाखान्याच्या पायरीवर भाकरी सोडायचा आणि मला बेसबॉल शिकवायचा. भाकरीचे चार तुकडे चार कोपऱ्यांत, मधे मिरची. "किरकेटात मानूस हितनं तितं पळतो, भाऊसाहेब, आन् परत हितं. कशापायी? ह्यात पळून पळून घरी यायचं. घरी पोचला तरच धरायचं, न्हाईतर न्हाई." फलंदाजाच्या मागे उकिडवा बसणारा गडी गुडघ्यांमध्ये हात लपवून चेंडू टाकणाऱ्याला बोटांनी खुणा करतो, हेही त्याने सांगितलं. एक बोट म्हणजे सरळ, दोन म्हणजे वाकडा. छावणीत तो गडी आजारी पडला की ज्ञानोबाला बसवत. "समद्या मैदानात दोगांनाच ठावं. बाकी जत्रा."

त्याच्या तबकड्या मी एकदा त्याच्या घरी ऐकल्या. पुण्यातल्या मैफलीत पुढच्या रांगेत बसून इतरांच्या क्षणभर आधी मान हलवणाऱ्यांपैकी मी एक होतो. त्या गोंगाटाला मान कुठे हलवायची ते मला कळेना. तुतारीसारखं काहीतरी बोंबललं, त्यावर पिपाणी चिडली, मागे कुणीतरी भांडी आपटत होतं. "याला गाणं म्हणायचं?" मी विचारलं.

"जाज हाय ह्यो. भांडनच म्हना की. पर दुसऱ्याचं पुरतं ऐकून घेऊन मंग भांडत्यात. आमच्या भावकीत आसं कुटं?"

एका उन्हाळ्यात माझ्या लक्षात आलं, की ज्ञानोबा रिव्हेटकडे बघायला लागलाय. पान थुंकून, गप्प राहून, भट्टीवाल्याच्या हातावर डोळे रोवून तो उभा असायचा. मी एकदा मागून तीन हाका मारल्या, त्याने वळून पाहिलं नाही. पहिली सहा वर्षं त्याने टाकीच्या आत बसून काढली होती. बाहेरून रिव्हेटवर हातोडा पडतो, तेव्हा आत कुणीतरी दुसरं टोक दाबून धरावं लागतं. बंद टाकीत तो आवाज कसा असतो, हे मला विचारू नका; मी एकदा तोंड आत घालून पाहिलं होतं आणि संध्याकाळपर्यंत माझे दात शिवशिवत होते.

"कवापासून?" त्याच्याच भाषेत मी विचारलं. त्याने ओठ वाचले.

"डावा गेला. उजव्यात शिट्टी वाजती. झोपंतबी."

त्याच महिन्यात कारखान्यात नवे डॉक्टर आले, विलायतेहून शिकून आलेले. पदव्या जुन्या पाटीवर मावेनात म्हणून पाटी नवी केली. औषधांचं कपाट जुनंच राहिलं. टाय नीट करायला त्यांनी समोरच्या भिंतीवर आरसा लावला आणि जाहीर केलं, की कामगारांना कायम करण्याआधी सर्वांचे कान तपासले जातील. डॉक्टर सहा पावलं मागे उभे राहून आकडा कुजबुजणार, माणसाने तो मोठ्याने म्हणायचा. नापास होईल त्याने घरी जायचं. आणि ज्ञानोबाच्या घरी वाटणीला आलेली नदीकाठची एक पट्टी होती, दर पावसाळ्यात पाण्याखाली जाणारी.

आदल्या दिवशी तो आला. उकिडवा बसला, गुडघ्यांमध्ये हात घातला आणि एक बोट दाखवलं.

"जमणार नाही, ज्ञानोबा," मी म्हणालो. "माझी नोकरी जाईल."

"व्हय," तो म्हणाला. "जाईल खरी." आणि उठून गेला.

दुसऱ्या दिवशी तो माझ्यासमोर स्टुलावर बसला. मी मेजाशी रजिस्टर उघडून. त्याच्या मागे डॉक्टर. "तीन," डॉक्टर कुजबुजले. ज्ञानोबाच्या चेहऱ्यावर मी आयुष्यात पाहिलेली सगळ्यात मोठी भीती होती, आणि ती अगदी स्थिर बसली होती. रजिस्टरच्या आडोशाने माझी तीन बोटं बाहेर आली. मी ती काढली असं मला आठवत नाही.

"तीन," ज्ञानोबा म्हणाला. मग चार. मग दोन. मग डॉक्टर सात म्हणाले आणि सातासाठी दुसरा हात लागला, म्हणून मी टाक खाली पाडला. "सात." डॉक्टर खूश झाले. मी घामाने ओल्या हाताने लिहिलं: श्रवण उत्तम.

तेव्हापासून मला ते टण् पुन्हा ऐकू यायला लागलं. आरोळी आली, की माझा हात जिथे असेल तिथे थांबायचा. टण् झालं, की चालू व्हायचा. दिवसातून हजार वेळा. मी खिडकी लावून पाहिली, काचेतूनही यायचं. घरी बायकोने भांडं घासलं तरी मी आधीची आरोळी शोधायचो. जुना भट्टीवाला ज्ञानोबाची नजर वळल्याशिवाय फेकत नसे, पण तो काही जन्मभर पुरणार नव्हता.

श्रावणात भट्टीवाला तापाने घरी राहिला आणि त्याच्या जागी दुसरा आला. ओरडायचं आणि फेकायचं, एवढंच त्याला माहीत. सकाळी दहाच्या सुमाराला "आला रं!" ऐकू आलं. एक श्वास. मग दुसरा. तिसरा मी घेतलाच नाही.

मी अंगणात पोचलो तेव्हा ज्ञानोबा परांचीवर तसाच उभा होता, टोपीची डावी कड जळालेली. रिव्हेट त्याच्या कानाजवळून जाऊन खाली पडला होता. खाली शंकर नावाचा गडी वाकून पाना उचलत होता. त्याच्या पाठीपासून हातभर अंतरावर ओल्या मातीतून वाफ निघत होती. शंकरला काही कळलंही नव्हतं. ज्ञानोबा त्या वाफेकडे बघत होता.

तो उतरला आणि सरळ दवाखान्यात आला. "डाक्टर, मला ऐकू येत न्हाई. तपासनीच्या दिवशीबी येत न्हवतं."

डॉक्टर लाल झाले. "मग आकडे कसे सांगितलेस?"

ज्ञानोबाने माझ्याकडे पाहिलं नाही. भिंतीकडे बोट केलं. "आरशात तुमचं व्हट दिसत हुतं."

मला तेव्हा बोलता आलं असतं. माझे कान उत्तम होते, जीभही शाबूत होती. मी रजिस्टरमध्ये आधीची नोंद खोडली आणि डॉक्टर सांगतील ती लिहिली. आरसा त्याच दिवशी उतरवला. आपण लबाडी कशी पकडली, हे डॉक्टर पुढे पाहुण्यांना सांगायचे. ज्ञानोबाला त्याच आठवड्यात काढलं. फाटकाशी मी त्याला गाठलं आणि काहीबाही पुटपुटलो. तो म्हणाला, "ऐकू येत न्हाई, भाऊसाहेब," आणि हसला. मी काय म्हणत होतो ते त्याला कळलं होतं.

दोन वर्षं माझा धीर झाला नाही. मग एका रविवारी सायकलने त्याच्या गावी गेलो. पट्टीत त्याने वांगी लावली होती. मला पाहून त्याने ग्रामोफोन ओसरीवर आणला, चावी दिली, तबकडी लावली आणि खांबाला टेकून डोळे मिटले. पाय ठेका धरू लागला.

सुरुवातीलाच सुई अडकली. तेच तीन सूर, पुन्हा तेच तीन सूर. मी उठायला गेलो. दारातून त्याची बायको, पारूबाई, हळूच मान हलवत होती: राहू द्या. मी बसलो. तीन सूर घरघरत राहिले आणि ज्ञानोबाचा पाय त्यांना सोडून पुढे गेला. मधेच थांबला, कुणाचं तरी बोलून होऊ दिलं, मग घाईने भांडायला धावला. एकदा तो गालात हसला. शेवटी त्याने हात उचलला, बरोबर जिथे संपायचं तिथे संपल्यासारखा, डोळे उघडले आणि सुई वर घेतली.

"कसं वाजलं?"

मी गुडघ्यांमध्ये हात घातला आणि एक बोट दाखवलं.

"सरळ!" तो खूश होऊन म्हणाला आणि तबकडी जपून कागदात गुंडाळू लागला. मी त्याला दुसऱ्यांदा पास केलं होतं. हात या वेळीही तितकाच ओला होता.