सदरा उलटा की सुलटा

आमचे मामाजी, म्हणजे माझे सासरे मारोतराव, यांना विचारल्याशिवाय शिवारात कुणी डोंगर चढत नसे. कुणाची शेळी हरवो, कुणाचा पाहुणा पलीकडच्या वाडीतून यायचा असो, माणसं वाट विचारायला आमच्या मळ्यावर येत. आणि याच माणसानं यंदाच्या उन्हाळ्यात भेंडीच्या एकाच वाफ्याला सकाळी पाणी दिलं, दुपारी परत दिलं. शिरपूरच्या बाजारातून येताना तर भलत्याच फाट्यावर उतरले. तेव्हा माझा नवरा गणेश म्हणाला, "पोळा झाला का बाबाले एकटं कुठी सोडाचं नाई." मला राग आला. माणसाला काय दावणीला बांधतात? पण भ्याले तर मीही होते.

मामाजींनी ते ऐकलं होतं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी सकाळीच चांद्या बैल दावं तोडून डोंगराकडे पसार झाला. झड लागलेली, डोंगर धुक्यात पार गडप. गणेश भाजी घेऊन बाजारात गेलेला. संध्याकाळी खांदशेकणी, म्हणजे बैलांच्या खांद्याला तूप-हळद चोळून त्यांना उद्याच्या जेवणाचं आवतन द्यायचं, आणि जोडीतला एक बैलच बेपत्ता!

"मी आनतो त्याले," मामाजी म्हणाले.

"हे येऊ द्या न बाजारातून, मामाजी."

"काहून? मले का वाट मालूम नाई? आज भटकलो तं सोताहून खाटल्यावर बसीन. मंग ठेवा बांधून."

पावसात त्यांची बोटं आखडतात, म्हणून सदऱ्याची बटणं मीच लावून दिली, डोक्यावर पोत्याची खोळ दिली. ते गेले आणि मी भाकरी करपवत बसले.

पुढचं सगळं त्यांनीच सांगितलेलं, तेही पुढचं मागं आणि मागचं पुढं करून. चढ संपला तिथं धुकं इतकं दाटलं की हातातल्या काठीचं टोक दिसेना. चांद्याच्या गळ्यातली घंटी कधी डावीकडून वाजे, कधी उजवीकडून. ते आवाजामागं जात राहिले आणि फिरून एका वाकड्या पळसापाशी येत राहिले. हा पळस मघाचाच की दुसरा, तेही कळेना.

त्यांना वाटलं, चकवा लागला. रानात माणूस गोल गोल फिरायला लागला की आमच्याकडे असंच म्हणतात, आणि त्यावर उपायही ठरलेला आहे. अंगातला सदरा काढून उलटा घालायचा, की वाट मोकळी होते. नवल वाटेल, पण मामाजींना बरंच वाटलं. चकवा काय, तरण्याताठ्यालाही लागतो. म्हणजे आपलं डोकं शाबूत आहे.

पळसाखाली बसून त्यांनी सदरा काढला. पाहतात तर शिवण वर. सदरा आधीच उलटा होता.

"म्हंजे म्या त्याले पयलेच उलटा केल्ला का? कवा केल्ला?" मला सांगतानाही ते तसेच गोंधळले. घरून तसाच घातला होता, की वर येऊन उलटला? आता सुलटा करायचा, की राहू द्यायचा? कशाचाच मेळ लागेना. सदरा मांडीवर घेऊन ते पावसात उघडेच बसून राहिले. बऱ्याच वेळानं चांद्याच धुक्यातून आला आणि त्यांचा खांदा चाटू लागला. मामाजींनी त्याची शेपटी धरली. तो डोंगर उतरला तो सरळ आमच्या गोठ्यात.

"म्या त्याले नाई आनलं, सुनबाई. त्यानं मले आनलं."

संध्याकाळी मामाजींनी पळसाच्या पानानं चांद्याच्या खांद्याला तूप लावलं. "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या," असं त्याच्या कानाशी म्हणाले. एक शब्द चुकला नाही. गणेश दारातच उभा राहून पाहत होता. मग मामाजींनी मला हळूच विचारलं, "सुनबाई, खरं सांग. मी निंगालो तवा सदरा उलटा होता का सुलटा?"

उलटा म्हटलं तर घाईची गोष्ट, कुणाचंही होतं. सुलटा म्हटलं तर ते वर सदरा उलटवून विसरले, आणि आता बोलल्याप्रमाणे खाटल्यावर जाऊन बसणार.

"उलटाच होता, मामाजी. घाईघाईत घातला तुमी."

ते माझ्याकडे पाहत राहिले. डोळ्यांत राग नव्हता, माया होती, आणि तीच मला सोसेना.

"बटनं तं तूच लावून देल्ली होती न, पोरी," ते म्हणाले.

मग चांद्याचं दावं त्यांनी माझ्या हातात दिलं, आणि ओसरीवरच्या खाटल्यावर जाऊन बसले.