घळीच्या तोंडावरचा दस्तरखान

कुबातला ओरडता येत नाही. देवानं त्याला हात दिले फावड्याएवढे, पाय दिले घोड्याचे, आणि आवाज दिला तो मांजराच्या पिल्लाचा. स्कीच्या उतारावर राखणदार म्हणून त्याला ठेवला, तेव्हा मी म्हटलंही होतं, "अरे, हा लोकांना थांबवणार कसा? कानात सांगून?"

माझी चहाची टपरी माणसांना डोंगरावर आणणाऱ्या खुर्चीपाळण्याच्या वरच्या टोकाला, म्हणून तो रोज माझ्या डोळ्यांसमोर. उजाडायच्या सुमाराला येतो, बर्फात कमरेइतका खड्डा खणतो आणि त्याच्या भिंतीवरून बोटं फिरवत बसतो, बायका रजईचे थर चाचपतात तशी. लहानपणी बापाबरोबर मेंढ्या राखायचा. एका वसंतात घाई केली, कळप भलत्या उतारावरून नेला, आणि सतरा मेंढ्या बर्फाखाली गेल्या. बाप रागावला नाही. एवढंच म्हणाला, "बर्फ आधी हुंकारतो, मग सुटतो. तू ऐकलं नाहीस." तेव्हापासून हा गडी बोलतो कमी, ऐकतो जास्त. बायकोचंही ऐकतो, यावरून काय ते समजा.

यंदा महिला दिनाला जोडून तीन सुट्ट्या आल्या आणि अर्धं बिश्केक शहर आमच्या डोंगरावर चढलं. डावीकडच्या मोठ्या उतारावर एवढी गर्दी, की माणसं एकमेकांच्या स्कीच्या फळ्यांवरून घसरत होती. उजवीकडे मेंढीघळ. तिथं गुडघाभर कोरा बर्फ, कुणाचा माग नाही. सगळ्यांचा डोळा तिच्यावर.

कुबात सकाळीच येऊन सांगून गेला होता, "आजी, घळ बंद. दोन दिवस वाऱ्यानं वर बर्फ रचलाय, आणि खालचा थर साखरेसारखा भुसभुशीत. ऊन चढलं की सुटणार." घळीच्या तोंडाशी दोन खडकांमध्ये आठ पावलांचा दोर बांधून त्यानं लाल चिंध्या लावल्या.

दहाच्या सुमाराला खालच्या उतारावर दोघांची टक्कर झाली, एका बाईचा गुडघा गेला. कुबातचे दोन्ही साथीदार तिला घसरगाडीवर घालून खाली गेले. वर कुबात एकटा, आणि समोर वीसेक माणसं.

"काका, डोंगर नावावर करून घेतलाय का?" नारिंगी कोटवाला नुरदीन म्हणाला. चांगला तीस वर्षांचा बाप्या, पण अक्कल फळ्यांना बांधलेली.

"नाही बाबा. राखतोय फक्त."

"काय म्हणताय? ऐकू नाही आलं!"

सगळे हसले. तेवढ्यात दोघं दोराखालून वाकून निघालेही. कुबातनं त्यांना पट्ट्याला धरून मागं ओढलं. पण हात दोनच. एक जण निसटला की बाकीचे त्याच्या मागं जाणार, मेंढ्यांचा धर्मच तो.

कुबात माझ्याकडे वळला. "आजी, टपरीतला तुझा लग्नातला लांब दस्तरखान आण."

"पंगतीचं कापड आत्ता? जेवणाला अवकाश आहे की."

"जेवायला नकोय. भिंत हवीय."

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दोराखालीच, या खडकापासून त्या खडकापर्यंत, आम्ही तो बर्फावर आडवा पसरला. वर नान मांडले, तळलेले कणकेचे बोरसोक, लोणी, जर्दाळूचा मुरंबा.

गर्दी जागच्या जागी थिजली. आमचे लोक दोर ओलांडतील, पाटी ओलांडतील, सरकारी हुकूम तर उडी मारून ओलांडतील. पण नान मांडलेला दस्तरखान ओलांडणारा किरगीझ अजून जन्मायचाय.

"आजी, ही फसवणूक आहे," नुरदीन म्हणाला.

"ओलांड की रे. मी डोळे मिटते. आईला काय सांगायचं ते तू बघ."

तो एका पायावरून दुसऱ्या पायावर झाला. समोर नान असताना तुकडा न मोडता जाताही येत नाही. शेवटी फळ्या काढून बसला, आणि त्याच्या मागोमाग बाकीचे. एक परदेशी पाहुणा मात्र, त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक, पाय उचलून पलीकडे टाकणार, तोच नुरदीननं त्याची तंगडी धरली. "अरे ए! नानवरून? कुठं वाढलास तू?"

"आजी, नवा राखणदार मिळाला," कुबात मिशीतल्या मिशीत पुटपुटला.

आता वडीलधाऱ्यानं हात पसरून आशीर्वाद दिल्याशिवाय दस्तरखानावरून उठायचं नसतं. आणि तिथं सगळ्यांत थोरली मीच. कुबातनं आधी उन्हाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि हळूच मान हलवली. इतक्यात नको.

मी चहा ओतला, अर्धा अर्धा प्याला, म्हणजे पुन्हा पुन्हा ओतता येतो. माझ्या लग्नाची गोष्ट सांगितली. ती संपली तेव्हा नणंदेच्या लग्नाची काढली.

"आजी, द्या ना आता आशीर्वाद," नुरदीन गयावया करू लागला. "बूड गोठलं."

"नणंदेला पाच मुली," मी म्हटलं. "थोरलीपासून सांगते."

तिसरीपर्यंत पोचले आणि डोंगर हुंकारला. खोल, पोटातून. आमच्या पुढ्यात पन्नास पावलांवर बर्फाला बारीक रेघ पडली, आणि अख्खी मेंढीघळ खाली निघाली. आम्ही बसलो होतो ती जागा हलली नाही, पण चहात पांढरी धूळ येऊन पडली.

कुबातनं बोटानं एकेक डोकं मोजलं. पुन्हा मोजलं. "सगळे आहेत," म्हणाला, मटकन बसला आणि दिवसातला पहिला घास मोडला.

मग नुरदीनचा बारीक आवाज आला, "आजी, चौथीचं काय झालं?"

असे हसले सगळे, की मुरंब्याची वाटी कलंडली. तो डाग अजून निघालेला नाही. मी हात पसरले. "पायाखालचा बर्फ घट्ट राहो, डोक्यातली अक्कल जागी राहो, आणि थांब म्हणणारा माणूस वाटेत भेटत राहो."

"ओमीन!" सगळे एकदम म्हणाले, तसंच होवो.

एक आवाज सगळ्यांच्या वर गेला, समोरच्या कड्यावर आपटून परत आला. मी वळून पाहिलं. कुबात लाजून नान चावत होता.